नेपरविलला नववीत येणारा मुलगा: अभ्यास आधी की पळणं?

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. यजमानांची बदली शिकागोजवळ नेपरविलला झाली आहे आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही कोथरूडहून निघताय. मुलाची आठवी सीबीएसईतून झाली, ऑगस्टमध्ये तो इथल्या नववीत बसेल. तो पळतो बरा, शाळेच्या खो-खोच्या संघात होता. सासरे म्हणतात, पहिली दोन वर्षं खेळ बंद, आधी अभ्यासात बस्तान बसू दे. तुमचे प्रश्न तीन: शाळा कोणती निवडायची, एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय किती घ्यायचे, आणि खेळाचं काय करायचं.

मी याच डुपेज काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) एका सरकारी हायस्कूलमध्ये तेवीस वर्षं गणित शिकवतोय. त्यातली सतरा वर्षं दुपारी तीननंतर क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे मैदानं-झाडीतून लांब पळण्याच्या खेळातल्या, मुलांबरोबर मैदानावर असतो. मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्यामागची काळजी मला अगदी घरची आहे. माझे वडीलही हेच म्हणाले असते. तरी माझं उत्तर सरळ आहे: मुलाला पहिल्याच ऑगस्टमध्ये क्रॉस कंट्रीत घाला. अभ्यासात बस्तान बसावं, यासाठीच घाला.

तो ज्या इमारतीत जाणार आहे तिथे अडीच-तीन हजार मुलं असतात. पुण्यात त्याची एक तुकडी होती, एक बाक होता, शेजारी वर्षभर तोच मुलगा होता. इथे तुकडी नसते. घंटा झाली की शिक्षक जागेवरच राहतात आणि मुलं वर्ग बदलतात. गणिताला एक सोबती, इंग्रजीला दुसरे, विज्ञानाला तिसरे. दोन तासांच्या मधली पाच-सहा मिनिटं पुढचा वर्ग शोधण्यात जातात. बाकीच्या मुलांची दोस्ती सहावी-सातवीपासूनची, काहींची तर बालवाडीपासूनची. जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन कोणाजवळ बसायचं, हा प्रश्न नव्या मुलाला रोज नव्याने पडतो. घरी आल्यावर तो हे सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "ठीक होतं."

काही वर्षांपूर्वी नागपूरकडचा एक मुलगा दहावीच्या मध्यावर, ऐन फेब्रुवारीच्या बर्फात, माझ्या वर्गात आला. गणितात चांगला पुढे होता. पहिले काही आठवडे तो डबा ग्रंथालयात खायचा, हे मला ग्रंथपालांनी सांगितलं. मार्चमध्ये ट्रॅकचा, म्हणजे धावपट्टीवरच्या शर्यतींचा, उघड्या मैदानावरचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी त्याला बोलावून घेतलं. पहिल्या शर्यतीत तो शेवटचा आला. बाकीचे पोहोचल्यावरही त्याची अर्धी फेरी उरली होती आणि आमची सगळी मुलं कुंपणापाशी उभी राहून त्याचं नाव घेऊन ओरडत होती. दुसऱ्या दिवशी जेवायच्या हॉलमध्ये त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवलेली होती. त्याची जीभ सुटली ती संघाच्या बसमध्ये. वर्गात उत्तर चुकलं तर सगळे बघतात, बसमध्ये चाळीस जण एकाच वेळी बोलत असतात आणि चुकीच्या इंग्रजीकडे कोणाचं लक्षही नसतं. त्या वर्षअखेरीला त्याचा इंग्रजीचा ग्रेड सीवरून बीवर गेला. पळण्याने व्याकरण सुधारत नाही हे मलाही कळतं. पण वर्गात हात वर करायला जी हिंमत लागते ती त्याला तिथे मिळाली, हे मी जवळून पाहिलं आहे.

आता क्रॉस कंट्रीच का. मैदानं, झाडी, चढउतार यांतून साधारण तीन मैलांची, म्हणजे ४.८ किलोमीटरच्या जवळपासची ही शर्यत असते. मुख्य संघातले सात जण पळतात आणि त्यातल्या पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज करतात. जिची बेरीज सगळ्यांत कमी ती शाळा जिंकते. एकाच शाळेचे पाचही जण पहिल्या पाचांत आले तर बेरीज होते १५, त्याहून कमी होऊच शकत नाही. म्हणजे पहिला आलेला कितीही पुढे असो, पाचवा मागे रेंगाळला की संघ हरतो. खो-खो खेळलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. इलिनॉय या इथल्या राज्याची अंतिम शर्यत दर नोव्हेंबरात पिओरिया गावच्या डेटवायलर पार्कमध्ये होते, आणि राज्यातल्या पळणाऱ्या मुलांना त्या पार्कचं नाव पंढरीसारखं वाटतं.

तुमच्यासाठी मोलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. बहुतेक शाळांत क्रॉस कंट्रीतून कोणालाही वगळत नाहीत. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर, टेनिस, बेसबॉल यांना ट्रायआउट असतात. दोन-तीन दिवस चाचणी, मग यादी, आणि यादीत नाव नसेल तर त्या वर्षीपुरतं संपलं. या उपनगरांत मुलं सहा-सात वर्षांची असल्यापासून क्लबात खेळत आलेली असतात. कोथरूडच्या मैदानावर वर्गात सगळ्यांत चांगला फुटबॉल खेळणारा मुलगाही इथल्या सॉकरच्या यादीत बसेलच असं नाही. क्रॉस कंट्रीत, ट्रॅकमध्ये आणि बऱ्याच ठिकाणी कुस्तीत तसं होत नाही. जो येईल तो संघात. हळू असेल तर ज्युनिअर व्हर्सिटीत, म्हणजे दुय्यम संघात, पळेल, पण सराव तोच, गणवेश तोच आणि बसही तीच.

आपल्याच काउंटीत एल्महर्स्ट गावी यॉर्क हायस्कूल आहे. तिथे जो न्यूटन नावाचे कोच होते. १९६० पासून २०१६ पर्यंत त्यांनी मुलांचा क्रॉस कंट्रीचा संघ सांभाळला आणि राज्याची २८ विजेतेपदं मिळवली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकला ते अमेरिकी संघाच्या प्रशिक्षकांत होते. २०१७ च्या डिसेंबरात ते गेले. लोक त्या २८ या आकड्याबद्दल बोलतात. मला त्यांच्या संघाचा आकार जास्त मोठा वाटतो. शर्यतीत सातच जण पळायचे, आणि संघात मुलं असायची दीडशे-दोनशे. त्यात जाडी मुलं होती, दम्याची होती, ज्यांना दुसऱ्या कुठल्याच संघाने घेतलं नव्हतं तीही होती. सराव संपला की ते प्रत्येकाशी हात मिळवायचे आणि प्रत्येकाला नावाने ओळखायचे. सरकारी शाळेतला खेळ कशासाठी असतो असं मला कोणी विचारलं तर मी या माणसाचं उदाहरण देतो. मी स्वतः तेवढं करू शकलेलो नाही, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळी नावं पाठ करायची, एवढं त्यांच्यापासून घेतलं.

आता सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येतो, खेळाने अभ्यास बुडतो या. इलिनॉयमधले शालेय खेळ राज्याच्या हायस्कूल असोसिएशनच्या नियमांवर चालतात. तिचा नियम असा की खेळाडू आठवड्याला २५ क्रेडिट तासांत, म्हणजे ढोबळमानाने पाच विषयांत, पास होत असला पाहिजे. हे दर आठवड्याला तपासतात. आदल्या सत्रातही तेवढे विषय पास झालेले असावे लागतात. या आठवड्यात कमी पडला तर पुढचा आठवडा बाकावर. माझ्याकडे हंगामात दर आठवड्याला यादी येते आणि कोण कुठे घसरतोय हे मला बहुतेकदा त्याच्या आईवडिलांच्या आधी कळतं. मग त्या मुलाला मी सरावाच्या आधी अर्धा तास त्या विषयाच्या शिक्षकांकडे पाठवतो आणि तिथून सही घेऊन आल्याशिवाय बूट घालू देत नाही. तुमच्या मुलावर ही वेळ येणार नाही, पास होणं त्याच्यासाठी अवघड नाही. पण माझ्या वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या घरी संध्याकाळी कोणी नसतं, आणि त्यांच्या ग्रेडकडे दर आठवड्याला पाहणारा माणूस एकच असतो, त्यांचा कोच. पैसे वाचवायला खेळ बंद करा असं बजेटच्या बैठकीत कोणी म्हणालं की मला हीच मुलं आठवतात.

यात एक जुळणारी गोष्ट आहे. राज्याच्या शिक्षण मंडळाच्या शाळा-अहवालात प्रत्येक हायस्कूलसाठी "नववीत मार्गावर" असा एक आकडा देतात. नववीअखेर पाच पूर्ण क्रेडिट, म्हणजे वर्षभराचे पाच विषय, मिळवलेली आणि मुख्य विषयांत एकाहून जास्त सत्रांत नापास नसलेली मुलं किती, हे तो सांगतो. जे मूल नववीत या मार्गावर राहतं ते पुढे हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता खूप वाढते, हे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी शहरातल्या शाळांवर दाखवून दिलं आहे. खेळाचा नियम आणि अभ्यासाचा निकष, दोन्ही पाच विषयांशीच येऊन थांबतात. दोन्हींचा रोख एकच: नववीतल्या मुलाला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

नेपरविलचं नाव तर शारीरिक शिक्षणासाठी देशभर घेतात, तेही सांगतो. १९९९ मध्ये गणित-विज्ञानाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, तिच्यात नेपरविलच्या डिस्ट्रिक्ट २०३ ची (डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी शाळांचा विभाग) आठवीची मुलं स्वतंत्र उतरली होती. विज्ञानात ती सिंगापूरच्याही पुढे पहिली आली आणि गणितात सहावी. याच डिस्ट्रिक्टमधल्या एका माध्यमिक शाळेत फिल लॉलर नावाचे पीटीचे शिक्षक होते. त्यांनी एकदा एका मुलीला नाडी मोजणारं यंत्र बांधून मैलभर पळवलं. घड्याळ बघितलं असतं तर ती आळशी ठरली असती. यंत्र पाहिलं तर तिचं हृदय पूर्ण ताकदीने धडधडत होतं, ती जीव तोडून पळत होती. तेव्हापासून तिथे वेळेवर गुण देणं थांबलं आणि कष्टावर देणं सुरू झालं. पुढे नेपरविल सेंट्रल हायस्कूलमध्ये वाचनात मागे असलेल्या मुलांना वाचनाच्या तासाआधी व्यायाम द्यायचा प्रयोग झाला आणि त्यांचं वाचन सुधारल्याचं शिक्षकांना दिसलं. मी गणिताचा माणूस, म्हणून हेही सांगतो: हे गाव सुखवस्तू आहे, पालक शिकलेले आहेत, आणि त्या चाचणीतलं यश नुसत्या पळण्याचं मानणं बरोबर नाही. पण घामामुळे डोकं मंद होतं ही आपल्याकडची जुनी समजूत तरी इथे खोटी ठरली.

अभ्यासाकडे येतो. इथे तुम्हाला सगळ्यांत सावध राहायला हवं.

आपल्याकडे दहावी-बारावीला एक मोठी परीक्षा असते, त्याआधीच्या चुका पोटात घातल्या जातात. इथे पुढे कॉलेजला जाणारं गुणपत्रक नववीच्या पहिल्या सत्रापासून सुरू होतं. नववी ते बारावीच्या आठ सत्रांतला प्रत्येक ग्रेड त्यावर कायमचा राहतो. सप्टेंबरातल्या छोट्या चाचण्या, गृहपाठ, प्रयोगाची वही, गटात केलेला प्रकल्प, सगळं मोजतात. भारतातून आलेली हुशार मुलं पहिल्या सत्रात मार खातात ती इथेच. परीक्षेत ९५, पण गृहपाठ दिलेलाच नाही. "शेवटी पेपर तर चांगला लिहिला ना," असं ती मला म्हणतात. त्याला निघण्यापूर्वीच हे समजावून सांगा. अकरावीच्या वसंतात राज्यातर्फे सगळ्यांना एक परीक्षा द्यावी लागते, २०२५ पासून ती एसीटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा आहे. पण तिचं ओझं आत्तापासून घेऊ नका.

गणिताच्या पातळीवरून प्रवेशाच्या वेळी गोंधळ होतो. कार्यालय बाहेरून आलेल्या मुलाला बऱ्याचदा नववीच्या नेहमीच्या बीजगणिताच्या वर्गात टाकतं. नेपरविलच्या बाजूची पुष्कळ मुलं मात्र ते आठवीतच करून नववीत भूमितीला किंवा त्याच्याही पुढे असतात. म्हणून सीबीएसई आठवीचा अभ्यासक्रम इंग्रजीत छापून आणा, गणिताचं पुस्तकही बरोबर ठेवा आणि पातळी ठरवायची चाचणी घ्या असा आग्रह धरा. मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. आठवीच्या पुस्तकात एका चलाची समीकरणं, अवयव, नित्यसमानता हे छान असतं. दोन चलांची एकसामयिक समीकरणं, वर्ग समीकरणं आणि फलन ही कल्पना त्यात नसते. मी पाहिलेली आपली मुलं आकडेमोडीत झपाट्याची असतात. आलेख वाचायला दिला, किंवा "हे उत्तर का बरोबर ते दोन वाक्यांत लिही" म्हटलं, की अडखळतात. तुमच्याकडे एप्रिल ते जुलै असा मोकळा काळ आहे. त्यात त्याच्याकडून रेषीय आलेख, उतार आणि एकसामयिक समीकरणं करून घ्या. मग ऑनर्स (जास्त अवघड पातळीची) भूमिती त्याला झेपेल. बापाच्या हट्टामुळे दोन पायऱ्या वर बसवलेली मुलं मी पाहिली आहेत. दहावीत ती रडकुंडीला येतात, आणि मग गणित आवडेनासं होतं. माझ्या विषयात याच्याइतकं वाईट मला दुसरं काही वाटत नाही.

इंग्रजीत निबंध म्हणजे एक दावा करायचा आणि तो दिलेल्या मजकुरातल्या पुराव्याने सिद्ध करायचा. सुविचार, पाठ केलेली सुंदर वाक्यं यांना किंमत नाही. इंटरनेटवरून चार ओळी उचलल्या तर तो गुन्हा धरतात आणि नोंद होते. त्याला हे पहिल्या दिवशीच सांगा.

आता एपीचे विषय. मे महिन्यात परीक्षा असते आणि १ ते ५ असे गुण देतात. नववीत एकही घेऊ नका. शाळेत सगळेच घेत असतील तर फार तर एक, मानवी भूगोलाचा. दहावीत एक-दोन, अकरावी-बारावीत त्याला खरोखर आवडतील ते तीन-तीन. इथल्या काही घरांत एपीची संख्या सोन्याच्या तोळ्यांसारखी मोजतात. कॉलेजं पाहतात ते हे, की शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं अवघड काम मुलाने पेललं का. बारा एपी घेऊन सगळ्यांत ओढाताण दिसली तर त्यांना ती कळते. शिवाय त्याला मराठी लिहिता-वाचता येतं ते टिकवा. इलिनॉयमध्ये हायस्कूलच्या डिप्लोमावर द्विभाषिकतेची मोहोर मिळते आणि मराठीची परीक्षा देऊनही ती मिळवता येते.

शाळा निवडण्याबद्दल तुम्ही सगळ्यांत जास्त लिहिलंत, आणि मला सांगायचं आहे ते थोडंच आहे. इथे शाळा पत्त्यावर ठरते. नेपरविलमध्ये मुख्यतः दोन डिस्ट्रिक्ट आहेत. २०३ मध्ये सेंट्रल आणि नॉर्थ, २०४ मध्ये वॉबॉन्सी व्हॅली, नेक्वा व्हॅली आणि मेटिया व्हॅली. पत्त्यावर नेपरविल लिहिलेलं असूनही काही घरं तिसऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात, म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी घरनंबर घालून डिस्ट्रिक्टकडूनच खात्री करून घ्या, दलालाच्या शब्दावर जाऊ नका. या शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून भागतो आणि कारभार गावाने निवडलेलं, बिनपगारी मंडळ बघतं. म्हणून त्या इतक्या सुसज्ज आहेत. आणि म्हणूनच इथून थोड्या अंतरावर, जिथे घरांच्या किमती कमी आहेत तिथे, मुलांना यातलं पुष्कळ काही मिळत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. संकेतस्थळं शाळांना दहापैकी जे गुण देतात, नऊ की दहा, त्यांत मोठा वाटा परीक्षेच्या निकालांचा असतो आणि निकाल बऱ्याच अंशी घरांच्या मिळकतीमागे जातात. या पाच शाळांतली कोणतीही तुमच्या मुलाला पुरेशी चांगली आहे. यजमानांचं ऑफिस जवळ पडेल, शाळेची बस दारात येईल आणि भाडं झेपेल असं घर बघा. एक पथ्य पाळा: एकदा प्रवेश घेतल्यावर घर न बदलता नुसती शाळा बदलली तर खेळाच्या नियमांप्रमाणे मुलाला वर्षभर बाहेर बसावं लागू शकतं.

खेळाची दुसरी बाजूही सांगायला हवी.

माझ्या मुलीला नववीत व्हॉलीबॉलच्या यादीतून वगळलं. सातवीपासून तिच्या सगळ्या मैत्रिणी तोच खेळ खेळत होत्या. यादी रात्री नऊला आली, आणि कोणाचा एक शब्दही बरोबर नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडीत ती रडत होती आणि मी म्हणालो, "बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळेल." ती महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. ते वाक्य मला परत घ्यायला मिळालं असतं तर मी घेतलं असतं. वसंतात ती बॅडमिंटनला गेली. इलिनॉयमध्ये मुलींचं बॅडमिंटन हा राज्य पातळीचा शालेय खेळ आहे, आणि तिथे ती चार वर्षं रमली. तुमची धाकटी मुलगी पुढे इथे हायस्कूलला येईल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट झोपेची. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नये, तरी बऱ्याच शाळा अजून पावणेआठच्या आसपासच भरतात. शाळेचा संघ, वर क्लबचा सॉकर, वर चार एपी आणि रात्री एक वाजता झोप, असा एक मुलगा माझ्याकडे होता. ऑक्टोबरात त्याच्या नडगीच्या हाडाला भेग गेली. डॉक्टरांनी पाय बांधला, पण तो मोडला होता झोपेअभावी, असं मी आजही मानतो. त्या मुलाला एक गोष्ट सोडायला लावायची होती. आईवडिलांनी नाही सांगितलं आणि मीही वेळेत सांगितलं नाही. म्हणून तुम्हाला नियम देतो: दिवे साडेदहाला बंद. ते सलग दोन आठवडे जमलं नाही तर काहीतरी कमी करा, आणि पहिलं कमी करायचं ते क्लब किंवा चौथा ऑनर्स विषय. संघ सगळ्यांत शेवटी.

सीचा ग्रेड आला म्हणून मुलाला संघातून काढणारे पालक मला दरवर्षी भेटतात. रसायनशास्त्रात सी आला, काढा पळण्यातून. मी मागे वळून पाहिलं तर बहुतेकांचा तो सी तसाच राहिला, काहींचा खाली गेला. तीन ते सहा हे मोकळे झालेले तास फोनला गेले, रसायनशास्त्राला नाही गेले. ग्रेड घसरला तर आधी मला किंवा जो कोच असेल त्याला लिहा. आम्ही आठवडाभर सराव कमी करून त्याला शिक्षकांकडे बसवतो.

डोक्याला मार लागला असं नुसतं वाटलं तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही, आणि डॉक्टरांची लेखी परवानगी आल्याशिवाय पुढेही नाही, हा इथे कायदा आहे. मुलं लपवतात. "दुखलं तर सांगितल्याने तुला संघाबाहेर काढणार नाहीत," हे त्याने तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

आणि शिष्यवृत्तीची आशा ठेवून खेळात घालू नका. हायस्कूलच्या खेळाडूंपैकी जेमतेम २ टक्क्यांना कॉलेजात खेळावर पैसे मिळतात. हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची कॉलेजं आणि कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या विभागातली (डिव्हिजन थ्री) कॉलेजं खेळावर शिष्यवृत्ती देतच नाहीत.

शनिवारी सकाळी शर्यती असतात, सप्टेंबरात त्या गणपतीत येतात आणि सुट्टीच्या दिवशीच्या मराठी शाळेशीही आपटतात. कोचला ऑगस्टमध्येच तारखा सांगून ठेवा. धार्मिक कारणासाठी एखादी शर्यत चुकली तर कोणी काही म्हणत नाही. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी मुलांचं पास्त्याचं जेवण असतं. तुमची पाळी आली की पातेलंभर पोहे करा. आमच्याकडे एका आईने केले होते, दोन डबे संपले आणि पुढच्या वर्षी मुलांनी मागून घेतले.

आता कामाचं, कारण तारखा जवळ आहेत. शरद ऋतूतल्या खेळांचा सराव साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा भरायच्या आधीच सुरू होतो. त्या दिवशी वैद्यकीय तपासणीचा कागद नसेल तर मुलाला मैदानावर उभं करता येत नाही. नववीला शाळेसाठीही तपासणी लागतेच, तोच कागद खेळालाही चालतो आणि ३९५ दिवस वैध राहतो. इथे नव्या डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून पुण्यातूनच फोन करून जुलैच्या तिसऱ्या आठवड्याची वेळ घ्या. लसीची वही इंग्रजीत आणा. आपल्या मुलांच्या वहीत बहुधा कांजिण्यांचा दुसरा डोस आणि टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला यांची लस) यांसारखे डोस राहिलेले असतात. पहिल्यांदाच इलिनॉयच्या शाळेत येणाऱ्याला डोळे तपासल्याचा कागद लागतो, नववीला दातांचाही. दात पुण्यातच बघून घ्या, खर्च वाचेल, पण इथला छापील फॉर्म इथल्याच दंतवैद्याकडून भरून घ्यावा लागेल हे धरून चाला. सहावी ते आठवीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको.

पत्ता पक्का झाला की शाळेच्या ॲथलेटिक ऑफिसला ईमेल करा: मुलगा नववीत येतोय, क्रॉस कंट्रीत यायचं आहे, उन्हाळ्यातला सराव कधी असतो. बहुतेक संघ जुलैत सकाळी एकत्र पळतात आणि नव्या मुलाला आनंदाने घेतात. बूट मात्र इथे आल्यावर, पळण्याच्या बुटांच्या दुकानात पाय मोजून घ्या. तोवर त्याला रोज संध्याकाळी वेताळ टेकडीवर वीस मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने पळू दे. घड्याळ लावू नका.